कूलरची टाकी

कूलरची टाकी हा बाष्पीभवनाच्या तत्त्वावर हवा थंड करणाऱ्या यंत्राचा, म्हणजेच कूलरचा, तळाकडील जलसाठ्याचा भाग होय. या टाकीतील पाणी लहान पंपाने वर चढवून बाजूच्या पॅडवर सोडले जाते. पंखा ओल्या पॅडमधून बाहेरची कोरडी हवा खेचतो, पाण्याची वाफ होते आणि खोलीत येणारी हवा थंड होते. टाकी वेळेवर न भरणे, भरून वाहणे, गळणे आणि तिचा नीट निचरा न होणे हे कूलरचे सर्वाधिक आढळणारे बिघाड आहेत. वरवर ते किरकोळ वाटतात. परंतु एकाच पत्र्याच्या पेटीत पाणी आणि २३० व्होल्टची वीज एकत्र असल्यामुळे, तसेच साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारे डास वाढत असल्यामुळे, त्यांचा संबंध थेट घरातील माणसांच्या जिवाशी येतो.

विदर्भातील वापर

विदर्भाचा उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. नागपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर असते आणि नवतपाच्या दिवसांत ते ४५ अंशांच्याही पुढे जाते. नागपूर शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या हिंगणा या तालुक्याच्या गावी, तेथील औद्योगिक वसाहतीत आणि तिच्या भोवतीच्या वानाडोंगरी, डिगडोह, इसासनी यांसारख्या कामगार वस्त्यांत कूलर ही चैनीची नव्हे, तर गरजेची वस्तू मानली जाते. होळीच्या सुमारास कूलर माळ्यावरून किंवा गच्चीवरून उतरवायचा, नवे पॅड बसवायचे, पंप तपासायचा आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की पुन्हा गुंडाळून ठेवायचा, असा हा क्रम असतो.

कोरड्या हवेतच कूलर उपयोगी ठरतो. तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असल्यास हवा सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे २३ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. चांगल्या पॅडचा कूलर प्रत्यक्षात २७ अंशांच्या आसपासची हवा देतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना मात्र तीन अंशांचाही फरक पडत नाही. म्हणून कोकणात न दिसणारे हे यंत्र विदर्भात घरोघरी खिडकीला लागलेले दिसते.

याच कल्पनेचे जुने रूप म्हणजे दारे-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या. त्यांवर हाताने पाणी शिंपडले जाई. इंग्रजी अमदानीत ओल्या वाळ्यातून हवा फेकणारा, हाताने फिरवावयाचा ‘थर्मँटिडोट’ नावाचा पंखाही वापरात होता. पंप आणि टाकी आल्याने पाणी शिंपडणाऱ्या माणसाचे काम संपले आणि टाकीची देखभाल हे नवे काम सुरू झाले.

रचना

स्थानिक कारागिरांनी बनविलेल्या कूलरची टाकी बहुधा जस्तलेपित पत्र्याची असते. कंपन्यांच्या कूलरमध्ये प्लास्टिकची किंवा काचतंतूची टाकी आढळते. भारतात अशा कूलरसाठी आयएस ३३१५ हे मानक आहे. टाकीत पाण्यात बुडून चालणारा पंप असतो. तो मूळच्या एका व्यापारी नावावरून ‘टुल्लू’ म्हणून ओळखला जातो; नळावर बसविण्याच्या मोटरीलाही हेच नाव असल्याने दुकानात कोणता टुल्लू हवा ते सांगावे लागते. पाणी आपोआप भरण्यासाठी तरंगता गोळा असलेला ‘बॉल कॉक’, जादा पाणी जाण्यासाठी वरच्या अंगाला एक छिद्र आणि रिकामी करण्यासाठी तळाशी बूच असते. पॅड लाकडाच्या कुरळ्या तंतूंचे म्हणजे वुडवूलचे, वाळ्याचे किंवा मधमाशांच्या पोळ्यासारख्या कागदी रचनेचे असतात.

टाकी न भरणे

टाकी भरत नसेल तर दोष कॉकचा की नळीचा हे आधी ठरवावे. कॉकपासून नळी सोडवून ती बादलीत धरावी. बादली जोमाने भरली तर दोष कॉकमध्ये आहे. धार बारीक असेल तर दोष त्याच्या मागे आहे.

मागचा दोष बहुतेकदा दाबाचा असतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीमुळे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम दाब मिळतो. गच्चीवरील टाकी कूलरपेक्षा जेमतेम दीड मीटर उंच असेल, तर हा दाब ०.१५ इतकाच राहतो आणि बारीक छिद्राच्या कॉकमधून पाणी थेंबथेंब येते. वरच्या मजल्यावरील खोलीचा कूलर भरत नाही आणि खालच्या मजल्यावरचा भरतो, याचे कारण हेच. अशा ठिकाणी मोठ्या छिद्राचा, कमी दाबासाठी बनविलेला कॉक बसवावा लागतो. उन्हात पडलेली प्लास्टिकची नळी मे महिन्यात मऊ पडते आणि वळणावर दबून बंद होते, ही बाबही पाहण्यासारखी आहे.

कॉकमधील दोष सामान्यतः कचरा आणि क्षार यांचा असतो. कॉकच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरते, अथवा सरकणारा दट्ट्या क्षारांच्या थरामुळे बंद अवस्थेतच अडकतो. कधी कधी काहीच बिघडलेले नसते. नव्याने बसविलेल्या पॅडची चौकट गोळ्याच्या दांडीला अडते आणि गोळा खाली येऊच शकत नाही.

टाकी भरून वाहणे

गोळा काढून कानाशी हलवून पाहिला असता आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर तो भोकाचा आहे. पाणी भरलेला गोळा तरंगत नाही आणि कॉक बंद होत नाही. अशा गोळ्याला डागडुजी करण्यापेक्षा तो बदलणे स्वस्त पडते. गोळा चांगला असल्यास दट्ट्याच्या टोकाचे रबर पाहावे. रबरावर खोल खाच पडली असेल तर ते उलटे करून बसविल्यानेही एखादा हंगाम निघतो. ज्यावर रबर टेकते त्या कडेवर क्षार जमले असतील, तर तो भाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काही तास भिजवावा. चाकूने खरवडल्यास कडेवर ओरखडे पडतात आणि गळती कायमची होते.

ज्या वस्त्यांत नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, तेथे एक वेगळी तक्रार ऐकू येते. दिवसभर ठीक असलेला कॉक रात्री किंवा पहाटे वाहू लागतो. त्या वेळी वापर कमी असल्याने वाहिनीतील दाब वाढतो आणि झिजलेले रबर तो पेलू शकत नाही. दिवसा तपासून हा दोष सापडत नाही. कूलर थेट नळावर न जोडता गच्चीवरील टाकीवर जोडल्यास दाब स्थिर राहतो.

जादा पाण्याचे छिद्र वुडवूलच्या तंतूंनी बुजणे हा किरकोळ दिसणारा, पण गंभीर दोष आहे. ते बुजले की पाणी पत्र्याच्या काठावरून, म्हणजे कधी खोलीत, तर कधी पंख्याच्या मोटरीच्या किंवा तारांच्या जोडाच्या दिशेने चढते. पाण्याची पातळी तारांच्या प्रत्येक जोडाच्या बरीच खाली राहील अशा बेताने गोळ्याची दांडी वाकवून ठेवावी.

पाणी हाताने भरताना नळी टाकीतील पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. ती घातक आहे. नळाचे पाणी अचानक गेले, किंवा शेजारच्या घरी नळावर मोटर लागली, की वाहिनीत उलटी ओढ निर्माण होते आणि कूलरमधील गढूळ, शेवाळलेले पाणी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत शोषले जाते. नळीचे तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा निदान चार बोटे वर राहिले तर हे घडत नाही.

पाणी लवकर संपणे

‘टाकी गळते’ या तक्रारीमागे अनेकदा गळती नसतेच. ताशी ३,००० घनमीटर हवा फेकणारा मोठा कूलर हवेचे तापमान १७ अंशांनी उतरवीत असेल, तर त्याला ताशी सुमारे २३ लिटर पाण्याची वाफ करावी लागते. म्हणजे ६० लिटरची टाकी अडीच-तीन तासांत रिकामी होणे हे यंत्र उत्तम चालल्याचे लक्षण आहे. दमट दिवशी तीच टाकी दुप्पट-तिप्पट वेळ पुरते.

खरी गळती ओळखण्यासाठी पंप आणि पंखा दोन्ही बंद ठेवावे, टाकी भरावी, कॉकचे पाणी तोडावे आणि पातळीवर खडूची रेघ ओढून तीन-चार तास थांबावे. पातळी जवळजवळ तशीच राहिली, तर टाकी ठीक आहे. पातळी उतरत जाऊन एका ठिकाणी थांबली, तर भोक नेमके त्याच उंचीवर आहे आणि चारही बाजूंना तेवढ्याच उंचीवर शोध घेतला की ते सापडते. पूर्ण टाकी रिकामी झाल्यास तळ किंवा बूच तपासावे. बंद स्थितीत न गळणारा कूलर चालू केल्यावर गळत असेल, तर दोष टाकीत नसून वरच्या भागात आहे. पाणी वाटणाऱ्या नळीची काही छिद्रे क्षारांनी बुजून उरलेल्यांतून जोरदार धारा उडतात, ओले वुडवूल खाली बसून वर मोकळी जागा पडते, किंवा कूलर बाहेरच्या अंगाला कललेला असतो. लोखंडी स्टँडचा एक पाय सिमेंटच्या तुकड्याने उचलून कित्येक ‘गळके’ कूलर दुरुस्त झाले आहेत.

गळतीची दुरुस्ती

पत्र्याची टाकी तळापेक्षा पाण्याच्या रेषेवर लवकर सडते. तेथे पत्रा आळीपाळीने ओला आणि कोरडा होतो आणि त्याला हवेतील प्राणवायू मुबलक मिळतो. त्याखालोखाल कोपऱ्यांतील जोड आणि पाय बसविण्याची छिद्रे गळतात. बारीक भोकासाठी गंज खरवडून, भाग पूर्ण कोरडा करून, दोन भाग मिसळून घट्ट होणारी लांबी (बाजारात ती एम-सील या नावाने मिळते) आतल्या बाजूने लावावी. बाहेरून लावलेली लांबी पाण्याच्या दाबाने सुटते. मोठ्या भागासाठी काचतंतूचे कापड आणि राळ वापरतात. वेल्डिंग टाळावे. पातळ पत्र्याला भोके पडतात आणि जस्ताचा धूर कारागिराला ज्वर आणतो. दुरुस्तीनंतर आतून डांबरी रंगाचे दोन हात दिल्यास पत्रा काही हंगाम टिकतो. हे काम कूलर गुंडाळताना करावे. मार्चमध्ये घाईने दिलेला ओला रंग पाण्यात सुटतो आणि खोलीत वास पसरतो.

प्लास्टिकच्या टाकीला ही लांबी धरत नाही. पॉलिथिलीनला चिकटणारे पदार्थ फार थोडे आहेत. तडा गेल्यास त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून सांधा भरावा लागतो. बुचाच्या वायसरमधून होणारी गळती मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच असते आणि नवा वायसर घातल्याने थांबते.

निचरा आणि क्षार

पाणी वाफ होऊन जाते, त्यातील क्षार मागे राहतात. हिंगणा परिसर बेसाल्ट खडकाचा आहे आणि तेथे विंधन विहिरींचे जड पाणी कूलरला सर्रास वापरले जाते. समजा पाण्यात दर लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि दिवसाला २०० लिटर पाण्याची वाफ होते. तर रोज ८० ग्रॅम आणि आठवड्यात अर्ध्या किलोहून अधिक क्षार टाकीत व पॅडवर उरतात. आपोआप भरणाऱ्या टाकीत हे ध्यानात येत नाही, कारण टाकी कधी रिकामीच होत नाही. पंपाच्या तोंडावर पांढरा थर येणे, पॅडवर कोरडे पट्टे पडणे, पाण्याला मचूळ वास येणे ही त्याची लक्षणे. आठवड्यातून एकदा सर्व पाणी काढून टाकणे हा एकमेव खात्रीचा उपाय आहे.

निचरा न होण्याचे कारण बहुधा बुचाच्या तोंडाशी बसलेला गाळ असतो. बूच तळापासून बोटभर उंच बसविलेले असेल, तर तेवढे पाणी नेहमीच मागे राहते. ते नळीच्या वक्रनळी-क्रियेने काढता येते. नळी पाण्याने पूर्ण भरून तिचे बाहेरील टोक टाकीच्या तळाच्या खाली सोडावे. नळीला तोंड लावून पाणी ओढू नये. उरलेले पाणी फडक्याने टिपून घ्यावे.

विजेचा धोका

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात. त्यांतील बळी बहुधा पाणी भरणारी गृहिणी किंवा कूलरजवळ खेळणारे मूल असते. महावितरण कंपनी याविषयी प्रतिवर्षी सूचना प्रसिद्ध करते.

धोक्याची कारणे टाकीशीच निगडित आहेत. आठ-नऊ महिने पडून राहिलेल्या पंपाची तार कडक होऊन तडकते किंवा उंदरांनी कुरतडलेली असते. ती पाण्यात बुडाली की सगळे पाणी आणि पत्र्याचा सांगाडा विद्युतभारित होतो. वरून ठिबकणारे पाणी पंख्याच्या मोटरीत शिरते. भरून वाहिलेल्या पाण्यामुळे जमीन ओली असते आणि माणूस अनवाणी असतो. घरातील भूसंपर्क (अर्थिंग) नेमका याच दिवसांत दुबळा झालेला असतो, कारण खड्ड्याभोवतीची माती उन्हाळ्यात वाळते आणि तिचा रोध वाढतो. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालणे ही जुन्या वायरमनांची शिकवण आजही बरोबर आहे.

पाणी भरण्यापूर्वी केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. बटण एकच तार तोडते. जोडणी उलटी झाली असेल, किंवा दोन पिनांचा प्लग उलटा बसला असेल, तर बटण बंद असतानाही पंपापर्यंत वीज पोचलेली असते. म्हणून प्लगच काढावा, मगच जाळी उघडावी आणि मगच पाण्याला हात लावावा. पंप चालतो की नाही हे पाण्यात बोट घालून पाहणे ही जिवावर बेतणारी सवय आहे. प्लग तीन पिनांचाच असावा. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात प्लग खुपसणे हे काटकसरीचे नव्हे, तर अविचाराचे काम आहे.

घरातील साधे एमसीबी येथे उपयोगी पडत नाही. ते अनेक अँपिअरचा प्रवाह वाहू लागल्यावर तुटते, तर माणसाचे स्नायू सुमारे १० मिलिअँपिअरलाच आखडतात आणि हात सुटेनासा होतो. ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी (लोकभाषेत ईएलसीबी) बसविल्यास असे प्रसंग टळतात. नव्याने बसविलेल्या चांगल्या आरसीसीबीमुळे कूलर लावताच वीज जात असेल, तर दोष त्या उपकरणाचा नसतो. कूलरमध्ये गळणारी वीज ते दाखवून देत असते. ते काढून टाकून कूलर चालविणे म्हणजे धोक्याची घंटा वाजते म्हणून घंटाच काढण्यासारखे आहे.

कोणी कूलरला चिकटल्यास त्याला हात लावू नये. मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्याचे प्रथमोपचार सुरू ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

डासांची पैदास

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास गटाराच्या घाण पाण्यापेक्षा घरातील स्वच्छ, स्थिर साठ्यात अंडी घालतो आणि कूलरची टाकी त्याला सर्वस्वी सोयीची असते. अंड्यापासून उडणारा डास होण्यास अनुकूल हवामानात साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याच्या सूचनेमागे हाच हिशेब आहे.

ही सूचना पाळूनही अनेकदा फसगत होते. मादी अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर ओलसर भिंतीवर चिकटविते. पाणी ओतून दिले तरी अंडी तेथेच राहतात. ती कित्येक महिने कोरडी राहूनही जिवंत असतात आणि पुन्हा पाणी भरताच फुटतात. त्यामुळे टाकीच्या भिंती ताठ केसांच्या ब्रशने घासणे हा सफाईचा खरा भाग आहे. पाणी बदलणे हा त्याचा अर्धा भागच झाला.

कूलरचा सर्वांत धोकादायक काळ उन्हाळा नसून त्यानंतरचा आहे. जूनमध्ये पंखा बंद होतो, पाणी स्थिर होते आणि कूलर खिडकीला तसाच लटकत राहतो. गच्चीवर उलटा न करता ठेवलेल्या टाकीत पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचे रुग्ण पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतात. नागपूर शहर व जिल्ह्यात २०२१ च्या पावसाळ्यात मोठी साथ आली होती. सर्वेक्षणास येणारे आरोग्य कर्मचारी म्हणूनच प्रथम कूलर तपासतात. लगेच रिकामी करता न येणाऱ्या टाकीत ते टेमिफॉस हे अळीनाशक टाकतात. मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडले जातात, मात्र रोज आटणाऱ्या कूलरमध्ये मासे जगत नाहीत.

हंगाम संपल्यावर पाणी काढून, भिंती घासून, पॅड काढून टाकून आणि टाकी उन्हात वाळवून कूलर छपराखाली ठेवावा. वापरलेल्या वुडवूलला अंडी चिकटलेली असू शकतात. ते उघड्यावर न टाकता जाळणे अथवा पुरणे योग्य.

तत्सम यंत्रे

शौचालयाच्या फ्लश टाकीतील कॉक त्याच तत्त्वावर चालतो आणि त्याचे दोषही तेच असतात. भांड्यात पाणी सतत झिरपत असल्यास टाकीत थोडी हळद किंवा रंग मिसळून पाहतात. फ्लश न करता रंग भांड्यात उतरला तर तळाचे रबर गेले आहे. धुलाई यंत्रात गोळ्याऐवजी हवेच्या दाबावर चालणारा स्विच पातळी ओळखतो. यंत्र भरतच राहते, पण पाणी साठत नाही, अशा वेळी निचऱ्याची नळी पाहावी. तिचे टोक टबाच्या पातळीखाली जमिनीवर पडले असेल, तर आलेले पाणी वक्रनळीप्रमाणे परस्पर निघून जाते. मोटारीच्या रेडिएटरमधील गळती सांध्यांवर वाळलेल्या रंगीत किंवा पांढऱ्या डागांवरून ओळखतात. त्यातील द्रव दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वरही उकळत नाही. इंजिन गरम असताना झाकण उघडल्यास दाब एकदम उतरून तो उसळतो आणि तोंड-हात भाजतात. नागपुरी उन्हात गाडी थांबल्यावर निदान अर्धा तास तरी हे झाकण उघडू नये.